पोच्यांची खतावणी

2024 च्या दिवाळीआधी माळा आवरायला काढला. मोडकी आरामखुर्ची, मुलाची क्रिकेटची पॅडं, आकाशकंदिलांचे सांगाडे असा नेहमीचा ऐवज खाली आला आणि त्यातच लाल कापडी पाठीची एक जाड वही निघाली. वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : ‘वाहन खाते, 1994 पासून’.

सदतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला दोन खोडी जडतात. मोजल्याशिवाय नोट खिशात टाकायची नाही ही एक. जे घडेल ते रकाने आखून लिहायचं, ही दुसरी. वहीच्या मागच्या बाजूला मी गाडीच्या पोच्यांचं स्वतंत्र खातं उघडलं होतं. तारीख, जागा, खर्च आणि कारण असे चार रकाने. लेखापरीक्षक आला असता तर त्यानंही मान डोलावली असती.

पहिली नोंद 1994 च्या दसऱ्याची. बँकेच्या वाहनकर्जावर घेतलेली पांढरी मारुती 800 त्या दिवशी दारात उभी राहिली. झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ वाढवायचा मान अर्थातच वडीलधाऱ्यांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. त्यांनी नारळ दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेला, डोळे मिटले आणि मंत्र पुटपुटता पुटपुटता तो हातातून निसटला. दगडावर पडायचा तो बॉनेटवर पडला. नारळ फुटला नाही, बॉनेट मात्र बशीसारखं खोलगट झालं. गाडी अजून एक किलोमीटरही चालली नव्हती.

क्षणभर सगळा वाडा स्तब्ध. मग मीच म्हणालो, “वा! शुभशकुन झाला!” सासरे ओशाळले, सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि आम्ही सगळे पेढे खायला लागलो. वहीत नोंद आहे : ‘बॉनेट. रु. 350. कारण : श्रीफळ.’ सासऱ्यांचं नाव कारणाच्या रकान्यात घालण्याचं धाडस मला झालं नव्हतं.

त्याखालची 1996 सालची नोंद तूर्त बाजूला ठेवतो. मागाहून सांगेन.

1997 च्या मे महिन्यात आम्ही दापोलीकडे एका स्नेह्यांच्या घरी उतरलो होतो. ऊन फार, म्हणून गाडी झाडाच्या सावलीत लावली. झाड फणसाचं होतं. पहाटे धप्पकन आवाज झाला. बाहेर येऊन बघतो तो टपावर भलाथोरला खड्डा आणि शेजारी जमिनीवर फणस, अगदी निर्विकार. माझा नऊ वर्षांचा मुलगा मागच्या सीटवर उताणा झोपला आणि त्यानं दोन्ही पाय टपाला आतून लावून जोर केला. ‘टण्ण’ असा आवाज होऊन अर्धाअधिक पोचा वर आला! वहीत लिहिलंय : ‘टप. खर्च नाही. कारण : फणस. जमा : फणस एक, बरका, उत्तम.’

वही चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या गाडीला महामार्गावर कधी पोचा आला नाही. जे काही झालं ते घराच्या दारात, मंडईत नाहीतर नातेवाइकांच्या अंगणात. याला कारण आहे. महामार्गावर माणूस घाबरून नीट चालवतो. दारात आला की पाय सैल सोडतो. शिवाय जागेचं गणित. वाड्यातून आम्ही कोथरूडला सोसायटीत आलो ते 1995 साली. तिचं फाटक मी टेपनं मोजलंय, साडेसात फूट. मारुती 800 ची रुंदी 1.44 मीटर, म्हणजे पावणेपाच फुटांना किंचित कमी. ती आरामात आत जायची. 2019 साली निवृत्तीनंतर घेतलेली स्विफ्ट 1.735 मीटर रुंद, म्हणजे पावणेसहा फुटांच्या आसपास. आरशांचे कान सोडले तर दोन्हीकडे जेमतेम वीतभर जागा उरते. गाड्या फुटाफुटानं रुंदावल्या, फाटकं होती तिथंच राहिली.

आणि फाटकाला डाव्या हाताला एक दगडी खांब आहे. त्याचं नाव पुढे येणारच आहे.

पोचा आला की घरात पहिला प्रश्न विम्याचा निघतो. इथं माझ्यातला बँकवाला जागा होतो. आजच्या नियमांप्रमाणे लहान गाडीच्या दाव्यात पहिले 1,000 रुपये आपले आपणच सोसायचे असतात. त्याशिवाय वर्षभर दावा केला नाही तर गाडीच्या नुकसानीपोटी भरायच्या हप्त्यात 20 टक्के सूट मिळते. ती वाढत वाढत ओळीनं पाच वर्षांनंतर 50 टक्क्यांवर जाते. एक दावा केला की सूट शून्यावर येते. त्यामुळे किरकोळ पोच्यासाठी दावा करणं म्हणजे मुंगीसाठी तोफ डागणं. खिशातून पैसे द्यावेत आणि गप्प बसावं. यातला पहिला भाग मी नेहमी पाळला.

आमचे डेंटिंगवाले चाचा आतून लोखंडी ठोकळा धरायचे आणि बाहेरून हलक्या हातानं हातोडी मारत पत्रा जागेवर आणायचे. मग लांबी भरायची, घासायची, रंग मारायचा. एकदा त्यांना विचारलं, “चाचा, लांबी न भरता पूर्ण सपाट का होत नाही?” ते म्हणाले, “साहेब, नुसता वाकलेला पत्रा परत येतो. ताणला गेलेला येत नाही. ताणला की तो वाढतो. वाढलेला कुठं ठेवायचा?” असा पत्रा मग गरम करून, थंड करून आकसवावा लागतो. एवढं करूनही कधीकधी अंगठ्यानं दाबला की तो ‘टुणुक’ आवाज करत आतबाहेर होतो. मी तेव्हा माहितीत भर पडली म्हणून मान हलवली होती.

आता 1996 च्या नोंदीकडे यायला हरकत नाही. पण त्याआधी 1981 साली जाऊन यायला हवं.

वडिलांनी चेतक स्कूटरसाठी नंबर लावला होता. तो लागायला आठ वर्षं गेली. स्कूटर आली तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. चौथ्या दिवशी वडील आंघोळीला गेल्याचं बघून मी किल्ली घेतली. वाड्याच्या चौकात दोन फेऱ्या मारल्या, तिसरीला गिअर बदलताना गडबड झाली आणि स्कूटर थेट दगडी हौदावर गेली. पुढचा मडगार्ड चेपला. आवाज ऐकून वडील ओल्या पंचानिशी धावत आले. मी तोंडावर हात धरून उभा. त्यांनी स्कूटरकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या गुडघ्याकडे बघून म्हणाले, “रक्त येतंय. आधी हळद दाब जा.”

रात्री पाणी प्यायला उठलो तर चौकात बॅटरीचा उजेड दिसला. वडील स्कूटरशेजारी उकिडवे बसून त्या पोच्यावरून बोटं फिरवत होते. आठ वर्षं वाट बघितली होती त्यांनी. मी तसाच परत फिरलो. पुढे ते वारले तोपर्यंत त्या पोच्याचा विषय त्यांनी काढला नाही.

अशा बापाचा मुलगा मी. आता 1996.

आमच्या हिनं ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन रीतसर लायसन्स काढलं होतं. सोसायटीत गाडी चालवणारी ती पहिलीच बाई. जानेवारीतली रविवारची सकाळ होती. मी गॅलरीत चहाचा कप घेऊन उभा. ही मंडईतून भाजी घेऊन एकटी गाडी घेऊन आली, फाटकातून रिव्हर्स घ्यायला लागली आणि डावीकडचा मागचा मडगार्ड त्या खांबाला घासत गेला.

मी तीन जिने धावत उतरलो. उतरलो तो थेट खांबापाशी गेलो, वाकलो, पोचा न्याहाळला. मग तिच्याकडे वळलो. काय बोललो ते वहीत लिहिलेलं नाही, पण पाठ आहे. “डोळे कुठे होते तुझे? झेपत नाही तर कशाला हात लावायचा?” आवाज चांगला वरच्या पट्टीत होता. दूधवाला थांबला. तळमजल्यावरच्या काकू खिडकीत आल्या. हिनं इंजिन बंद केलं, भाजीची पिशवी उचलली, किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि ती वर गेली. जेवायला वाढताना नेहमीसारखंच वाढलं. मात्र त्यानंतर ती स्टिअरिंगमागे कधी बसली नाही.

वहीतली नोंद : ‘मागचा डावा मडगार्ड. रु. 650. कारण : सौ.’

सासऱ्यांच्या हातून पडला ते श्रीफळ, झाडावरून पडला तो फणस आणि बायकोच्या हातून घासली ती मात्र ‘सौ.’! बॉनेटचा पोचा मडगार्डच्या पोच्याहून मोठा होता, हे मी तेव्हा ताडून बघितलं नाही.

अशा गोष्टी घरात मुरतात. 2007 साली मुलानं कॉलेजच्या पार्किंगमध्ये बंपर चेपून आणला. घरी आल्यावर तो स्वयंपाकघरात गेला आणि आईला हळूच म्हणाला, “बाबांना तू सांग.” मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. ऐकलं आणि पान उलटलं.

2011 च्या एका रात्री दोन वाजता मला मुतखड्याची कळ आली. ज्यानं भोगली आहे त्याला वर्णन नको, ज्यानं भोगली नाही त्याला सांगून उपयोग नाही. मुलगा परगावी. खाली गाडी उभी, टाकी भरलेली. ही किल्ली हातात घेऊन दारात उभी राहिली. एकदा किल्लीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग किल्ली खुंटीला लावून तिनं शेजारच्यांचं दार वाजवलं. त्यांच्या मुलानं आम्हाला दवाखान्यात नेलं. मागच्या सीटवर मी तिचा हात धरून कळवळत होतो. फाटकातून बाहेर पडताना गाडीचा दिवा त्या खांबावर पडला. चाचांचं बोलणं मला आठवलं ते तिथं.

पण आठवणं वेगळं आणि तोंडानं कबूल करणं वेगळं. त्याला आणखी तेरा वर्षं लागली.

2024 च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी स्वतः स्विफ्ट रिव्हर्स घेताना त्याच खांबावर, त्याच डाव्या बाजूनं घातली. वर आलो आणि पिशवी ठेवता ठेवता म्हणालो, “मंडईत कुणीतरी ठोकली गं गाडी. लोकांना काही शिस्तच नाही.”

ती गॅलरीतून आत येत होती. तिनं विचारलं, “तुम्हाला कुठे लागलं नाही ना?”

“नाही.”

“मग झालं तर.” चहाचं आधण ठेवत ती पुढे म्हणाली, “सोसायटीला सांगून त्या खांबाला पांढरा रंग लावून घ्या. संध्याकाळचा नीट दिसत नाही.”

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं. ते निदान तिनं आधीच केलं होतं.

म्हणून ती वही सापडली तेव्हा मी पेन घेऊन बसलो. बँकेत नोंद चुकली तर खाडाखोड करत नाहीत. चुकीवर एक आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर मजकूर लिहायचा आणि सही करायची. ‘सौ.’ वर रेघ मारली. लिहिलं : ‘खांब. बोललो ते चुकलो.’ खाली सही, तारीख. वही तिच्यापुढे धरली. तिनं चष्मा लावून वाचली.

“अठ्ठावीस वर्षांनी ताळा जुळला म्हणायचा,” ती म्हणाली आणि आकाशकंदिलाचा सांगाडा पुसायला लागली. बराच वेळ एकच काडी पुसत होती.

जानेवारीत माझं पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही दिवस गाडी चालवायला मनाई केली. “तोवर गाडी उभी राहिली तर बॅटरी उतरेल,” असं म्हणून ती आपणहून उठली. जुन्या लायसन्सची मुदत केव्हाच सरली होती. एकसष्टाव्या वर्षी तिनं पुन्हा शिकाऊ लायसन्स काढलं, पोरासोरांबरोबर परीक्षा दिली, पास झाली.

मार्चमधल्या एका सकाळी मी गॅलरीत चहा घेऊन उभा होतो. ती गाडी घेऊन आली. खांब, आता पांढराशुभ्र, तिनं वीतभर अंतरानं सहज चुकवला आणि पलीकडच्या जास्वंदीच्या कुंडीवर मागचा बंपर टेकवला. कुंडी कलंडली.

मी कठड्यावरून वाकून ओरडलो, “लागलं नाही ना?”

तिनं काच खाली केली. वर बघून म्हणाली, “मला नाही. कुंडीला विचारा.”

तळमजल्यावरच्या काकू खिडकीत आल्या होत्या. त्यांनीही ऐकलं, हे बरं झालं.

नोंद केली आहे : ‘मागचा बंपर. खर्च : कुंडी एक. कारण : शिकणे चालू.’