बुरसटलेली, पण भारी!

सोलापूरच्या नवी पेठेत टॉवेल निवडताना हात हमखास फिरोजी रंगावर थांबतो. सुती कापडाला देतात त्या बऱ्याच फिरोजी रंगांच्या रेणूत मधोमध तांब्याचा एक अणू बसलेला असतो. रंगाईच्या सांडपाण्यातून असे धातू निसटले, तर त्यांना धरायचं कोणी? एक उमेदवार घरातच सापडेल. कडक भाकरीला ओल लागली की तिच्यावर उगवते ती बुरशी!

मेली तरी कामाची
बुरशीच्या पेशीभिंतीत कायटिन असतं, तेच जे खेकड्याच्या कवचात असतं. शिसं, कॅडमियम, तांबं या भिंतीला चिकटतात. त्यासाठी बुरशी जिवंत असायलाच हवी असं नाही, वाळवून केलेली पूडही चालते. ती सौम्य आम्लाने धुतली की धातू सुटतो आणि पूड पुन्हा कामाला लागते.

कांद्यावरची काळी
कांदा सोलताना बोटांना लागते ती काळी भुकटी बहुधा ॲस्परजिलस नायजर या बुरशीची. सरबतातलं लिंबूसत कारखान्यात हिच्याकडूनच करून घेतात. तेच आम्ल दगडमातीत अडकलेले धातूही विरघळवून बाहेर काढतं.

पुण्याचे सोनार
हरभऱ्याला ‘मर’ लागली की शेतकरी फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीला शिव्या घालतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी तिला सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात ठेवलं. तिने त्यातून सोन्याचे नॅनोकण घडवले! हे संशोधन 2002मध्ये प्रसिद्ध झालं.

दागिन्यांची हौस
याच जातीच्या बुरशीच्या तंतूंवर सोन्याचे कण चढलेले ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांना दिसले. ही बातमी 2019ची.

लसणाचा वास, चटणीचा नव्हे
एकोणिसाव्या शतकात युरोपात भिंतींच्या हिरव्या कागदात आर्सेनिक असायचं. ओल आली की बुरशी त्याचा वायू करायची आणि खोलीभर लसणासारखा वास सुटायचा. इटलीच्या बार्तोलोमेओ गोसिओंनी हा उद्योग बुरशीचा असल्याचं दाखवलं.

युरेनियमला कुलूप
स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या जेफ्री गॅड यांच्या चमूने 2008मध्ये दाखवलं, की बुरशी युरेनियमचं रूपांतर सहज न विरघळणाऱ्या खनिजात करू शकते.

पण ताटात नको!
रानातल्या काही अळंब्या कॅडमियम साठवून ठेवतात. म्हणून सांडपाण्याच्या नाल्याकाठची अळंबी कितीही गुबगुबीत दिसो, तिला हात लावू नका.

शेवटी, धातू कुजत नाही आणि जळून नाहीसाही होत नाही. बुरशी फार तर त्याचा गठ्ठा बांधून देते. तो उचलून नीट जागी लावायला मात्र माणूसच लागतो!