विश्लेषण : स्वयंपाकघराचे नूतनीकरण पर्यावरणपूरक कसे होईल?

दिवाळी जवळ आली किंवा घरात लग्नकार्य ठरले, की स्वयंपाकघर नव्याने करण्याचा विषय निघतो. बाजारात ‘इको-फ्रेंडली’ म्हणून बरेच काही विकले जाते. पण खरा फरक पडतो तो जुने किती राखले, ओट्याला कोणता दगड लावला आणि पाणी-वीज रोज किती लागणार, यावर.

जुने सगळेच काढावे का?

नाही. अनेकदा खराब होतात ती कपाटांची दारे, बिजागऱ्या आणि सिंकखालचा भाग. आतला सांगाडा शाबूत असतो. तो ठेवून फक्त दारे बदलली, तर लाकूड वाचते, राडारोडा कमी होतो आणि खर्चही आटोक्यात राहतो. जुना कडप्पाही पॉलिश करून वापरता येतो. ठेकेदाराकडून अंदाजपत्रक घेण्याआधी ‘काय ठेवायचे’ याची यादी करावी.

ओट्यासाठी ग्रॅनाइट की क्वार्ट्झ?

‘क्वार्ट्झ’ नावाने मिळणारा कृत्रिम दगड गारगोटीची भुकटी आणि रेझिन यांपासून बनतो. त्यात सिलिकाचे प्रमाण ९० टक्क्यांच्या पुढेही असू शकते. बसवलेल्या ओट्यापासून घरच्यांना धोका नसतो. मात्र दगड कापताना उडणारी धूळ कारागिराच्या फुप्फुसात जाते आणि त्यातून सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार जडू शकतो. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडाचे उत्पादन, पुरवठा आणि बसवणे यांवर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्ये सिलिका बरीच कमी असते, पण असतेच. त्यामुळे दगड कोणताही निवडला, तरी तो पाणी सोडून कापण्याची आणि योग्य मास्क वापरण्याची अट कामाआधीच घालावी.

कपाटांसाठी काय निवडावे?

पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतो, पण सिंकखालच्या ओलीने फुगतो आणि लवकर बदलावा लागतो. तेथे ‘आयएस ७१०’ मानकाचा मरीन प्लाय किंवा स्टीलच्या ट्रॉल्या टिकतात. अनेक बोर्डांच्या चिकट द्रव्यात फॉर्मल्डिहाइड असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या गटात टाकले. म्हणून कमी उत्सर्जनाचा, ‘ई-१’ किंवा ‘ई-०’ दर्जाचा बोर्ड मागावा, कापलेल्या कडा पट्टी लावून बंद कराव्यात आणि काम झाल्यावर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

पाणी कुठे वाचते?

नळाच्या तोंडाशी बसणारी एरेटरची जाळी पाण्यात हवा मिसळते. धार भरीव वाटते, पण पाणी कमी लागते. ‘आरओ’ यंत्र घेण्याआधी पाण्याचा टीडीएस तपासावा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये टीडीएस लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तेथे ‘आरओ’ वापरण्यास मनाई करण्याचे निर्देश दिले होते. मुंबईसारख्या शहरात तलावांतून येणाऱ्या पाण्यात क्षार मुळातच कमी असतात. अशा ठिकाणी साधा फिल्टर व ‘यूव्ही’ पुरेसे ठरू शकते. ‘आरओ’ लागलेच, तर वाया जाणारे पाणी लादी पुसण्यासाठी साठवता येते.

फ्रिज घेताना काय पाहावे?

फ्रिज दिवसरात्र चालतो, म्हणून ताऱ्यांबरोबर लेबलवरील वर्षाच्या युनिटचा आकडाही पाहावा. गरजेपेक्षा मोठा पाचतारांकित फ्रिज लहान फ्रिजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. ‘आर-६००ए’ वायू असलेले मॉडेल निवडावे. जुन्या ‘आर-१३४ए’ वायूची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक आहे. जुना फ्रिज भंगारात फोडला तर हा वायू हवेत सुटतो, म्हणून तो अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा.

राडारोड्याचे काय?

बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्यासाठी केंद्राने २०१६ मध्ये स्वतंत्र नियम केले. तरीही फरशीचे तुकडे रात्री नाल्याकाठी किंवा खाडीत टाकले जातात आणि पावसाळ्यात पाणी तुंबते. मुंबई महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. इतर शहरांत प्रभाग कार्यालयात चौकशी करावी. ‘माल आम्ही उचलू’ असे ठेकेदार म्हणाला, तर तो कुठे टाकणार, हे पैसे देण्याआधी विचारावे.