खाऱ्या हवेतली बॅटरी

मिरकरवाडा बंदरात अंधारात बोट लागते, तेव्हा हातात टॉर्च असतो आणि खिशात मोबाइल. दोन्हींच्या पोटात सहसा लिथियम-आयन बॅटरी असते. ई-सिगारेटमध्येही हीच. २०१९ मध्ये भारतात ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आली आणि त्याच वर्षी या बॅटरीच्या तीन जनकांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं!

टॉर्चमधल्या सेलवर बहुधा '१८६५०' लिहिलेलं असतं, म्हणजे व्यास १८ मिलिमीटर आणि लांबी ६५. चार्ज होताना लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात. साधारण ४.२ व्होल्टला सेल भरतो. त्यापुढे वीज रेटली, की लिथियम धातूरूपात साचू लागतो आणि सेल तापतो. दोन ध्रुवांमधला पातळ पडदा निकामी झाला, तर उष्णतेतून आणखी उष्णता निर्माण होते. आतला द्राव ज्वलनशील, म्हणून भडका उडतो.

बंदरावर भर पडते ती मिठाची. खारं पाणी वीज वाहून नेतं, धातूची टोकंही गंजवतं. म्हणून भिजलेला, फुगलेला किंवा चेपलेला सेल चार्जिंगला लावूच नये. चार्जर त्याच उपकरणासाठीचा असावा. चार्जिंग फरशीवर करावं, गादीवर किंवा जाळ्यांच्या ढिगाजवळ नको. सुटे सेल किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात टाकू नयेत. आणि रात्रभर चार्जिंग? माणसं जागी असतानाच ते उरकलेलं बरं.