परीक्षेचं दालन

बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत दर उन्हाळ्याच्या तोंडाशी वार्षिक ‘डिस्प्ले’ लागतो. शेवटच्या वर्षाची मुलं आपलं काम भिंतींवर चढवतात, शिल्पं मांडतात, मुद्राचित्रं लावतात. बाहेरून आलेले परीक्षक त्या कामांसमोर उभे राहून त्यांना प्रश्न विचारतात. हे प्रदर्शन म्हणजे त्यांची परीक्षाच. तिथे फसलेली चित्रं असतात, कुणाची तरी उसनी शैली असते, मधेच एखादी अस्सल रेषाही दिसते. विक्रीच्या गॅलरीत न दिसणारी कलावंताची घडण इथे पाहायला मिळते, म्हणून विद्यापीठातली प्रदर्शनं मला फार मोलाची वाटतात.

या शहराला चित्रं पाहण्याची सवय जुनी आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या गोपाळ गायकवाडांना 1875 साली बडोद्याची गादी मिळाली आणि ते सयाजीराव झाले. राजवाड्यासाठी त्यांनी राजा रविवर्म्याकडून चौदा पौराणिक चित्रं करवून घेतली. ती दरबारात लागण्याआधी सर्वसामान्य लोकांनाही पाहायला खुली झाली होती. पुढे कमाटी बागेत संग्रहालय उभं राहिलं, त्याला जोडून चित्रदालनही आलं. ज्या शहरात चित्र पाहण्यासाठी राजवाड्याची पायरी चढावी लागत नव्हती, तिथे कलेचं शिक्षण विद्यापीठात येणं स्वाभाविक होतं.

महाराजा सयाजीराव विद्यापीठ 1949 साली स्थापन झालं आणि पुढच्याच वर्षी ललित कला विद्याशाखा सुरू झाली. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता, पहिले अधिष्ठाता मार्कंड भट्ट. मुंबईच्या जे.जे.त त्या काळी जी. डी. आर्टची पदविका मिळे. बडोद्यात चित्रकाराला विद्यापीठाची पदवी मिळू लागली. त्यासाठी त्याला हात चालवण्याबरोबर कलेतिहास आणि सौंदर्यशास्त्रही शिकावं लागे. इंदूरच्या मराठी घरातले नारायण श्रीधर बेंद्रे चित्रकला विभागाला लाभले, शिल्पकलेला शंखो चौधुरी, आणि 1951 मध्ये के. जी. सुब्रमण्यन आले. 1956 साली बेंद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बडोदा ग्रुप’ बांधला. त्यात शिक्षक आणि कालपरवापर्यंतचे विद्यार्थी एकाच यादीत होते. शिक्षकाने आपला कॅनव्हास विद्यार्थ्याच्या शेजारी टांगावा आणि दोघांचंही काम एकाच नजरेने पाहिलं जावं, याला धारिष्ट लागतं. बडोद्याचं वेगळेपण मला आधी इथेच दिसतं.

मुंबईचे सनदी लेखापाल भूपेन खख्खर 1962 मध्ये इथे आले ते चित्रकलेच्या वर्गासाठी नव्हे, कलासमीक्षा शिकायला. इतरांची चित्रं पाहता पाहता, त्यांच्यावर वाद घालता घालता ते स्वतः चित्रकार झाले. ही गोष्ट मला योगायोगाची वाटत नाही. समीक्षा शिकणारा आणि रंग कालवणारा एकाच आवारात वावरत असले, की असं घडायला वाव असतो.

साठच्या दशकाच्या आरंभी ‘फाइन आर्ट्स फेअर’ सुरू झाला. सुब्रमण्यन हातमाग मंडळावरचं काम करून परतले होते आणि कारागिरांबद्दलचा आदर त्यांच्यात खोल मुरला होता. मेळ्यासाठी त्यांनी लाकडाची, मण्यांची खेळणी घडवली आणि मुलांसाठी चित्रपुस्तकं केली. विद्यार्थीही मुखवटे, खेळणी, छापील कापड करायला बसत. मोठ्या चित्राकडे फिरकायला कचरणारा बडोदेकर इथे खुशाल शिरे, हाताळून बघे, परवडेल ते विकत घेई. कलेची उच्च आणि नीच अशी जी उतरंड आपण मुकाट मान्य करतो, तिला या मेळ्याने धक्का दिला. सुब्रमण्यनांच्या पुढच्या चित्रांमधला खेळकरपणा या खेळण्यांपासून वेगळा काढता येत नाही, असं माझं मत आहे.

मे 2007 मध्ये वार्षिक ‘डिस्प्ले’च्या परंपरेवर आघात झाला. परीक्षेसाठी मांडलेल्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या कामांवर बाहेरच्या मंडळींनी आक्षेप घेतला. ते आवारात घुसले आणि पोलिसांनी विद्यार्थ्यालाच अटक केली. विद्यापीठ प्रशासन त्याच्या पाठीशी उभं राहिलं नाही. तेव्हा विद्यार्थ्यांनी वाद घालण्याची आपल्याला शिकवलेली रीत वापरली: भारतीय कलेतल्या शृंगारशिल्पांच्या आणि चित्रांच्या प्रतिमा विद्याशाखेच्या संग्रहातून काढून त्यांचं प्रदर्शन मांडलं. ते बंद करा, असा आदेश आला. प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर यांनी नकार दिला आणि त्यांना निलंबित करण्यात आलं. देशभर कलावंत निषेधाला उतरले. कलेतिहासाच्या वर्गात रोज दाखवली जाणारी शिल्पं भिंतीवर लावताच गुन्हा ठरतात, हे मला आजही पटत नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर जमावाने गुण द्यावेत, याहून ते वेगळं नाही.

या प्रदर्शनांचा माग आज घेता येतो तो बऱ्याच अंशी ज्योती भट्टांमुळे. ते पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, पुढे तिथलेच शिक्षक आणि सतत कॅमेरा बाळगणारे. वर्ग, मेळे, भिंतींवर चढणारी चित्रं, सगळं त्यांनी टिपलं. त्यांचे, सुब्रमण्यनांचे, गुलाममोहम्मद शेखांचे आणि रतन परिमूंचे कागद हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हने डिजिटल करून अभ्यासकांना खुले केले आहेत. महाराष्ट्रातल्या कलाशाळांतही वार्षिक प्रदर्शनं होतात. त्यांची कार्डं, पत्रकं, छायाचित्रं कुठल्या कपाटात आहेत, हे तिथल्या आजी-माजी शिक्षकांनी आताच तपासायला हवं आणि वाळवी लागण्याआधी ती स्कॅन करायला हवीत.