अटकेवरून खटके!

‘दहशतवादाविरुद्ध आम्ही खांद्याला खांदा लावून उभे आहोत!’ कॅमेऱ्यासमोर सगळे दोस्त देश हेच म्हणतात. पण संशयित सापडला की? कधी पकडायचा, कुणी ठेवायचा, कुणाला सांगायचं... खांदे राहिले बाजूला, धक्काबुक्की सुरू!

शॅम्पूची बाटली
अनेक विमानतळांवर हँडबॅगेतून १०० मिलीपेक्षा मोठी द्रवाची बाटली का नेता येत नाही, माहीत आहे का? ऑगस्ट २००६. शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेऊन विमानं उडवायचा कट. ब्रिटिशांना आणखी पाळत ठेवून पुरावे जमवायचे होते. अमेरिकेला धीर धरवेना. तेवढ्यात पाकिस्तानात रशीद रौफ हा संशयित पकडला गेला आणि बाकीचे पसार होण्याआधी ब्रिटिश पोलिसांना रातोरात धाडी टाकाव्या लागल्या. २००८ च्या खटल्यात विमानांच्या मुद्द्यावर ज्यूरीचं एकमतच होईना. २००९ च्या फेरखटल्यात तिघे दोषी ठरले. कट एक, कटकट दोन देशांची!

घेराव, त्याला घेराव
दोन नाटो दोस्त एकमेकांवर बंदुका रोखून उभे होते, हे माहीत आहे का? ऑक्टोबर १९८५. ‘अकिले लॉरो’ या इटालियन जहाजाचे अपहरणकर्ते इजिप्तच्या विमानातून निघाले होते. अमेरिकी लढाऊ विमानांनी त्यांना सिसिलीतल्या सिगोनेलाच्या तळावर उतरवलं. विमानाभोवती इटालियन जवान, त्यांच्याभोवती अमेरिकी कमांडो आणि त्यांच्याभोवती पुन्हा इटालियन पोलिस! इटलीचे पंतप्रधान क्राक्सी हटले नाहीत. अपहरणकर्ते गेले इटलीच्याच तुरुंगात.

मोबाईलनं केला घात
२००३ मध्ये सीआयएनं मिलानच्या रस्त्यावरून अबू ओमर या इमामाला उचलून इजिप्तला धाडलं. गंमत म्हणजे, इटालियन पोलिस आधीपासूनच त्याच्या मागावर होते! मग त्यांनी मोबाईलच्या नोंदींवरून चक्क हेरांचाच माग काढला. २००९ मध्ये इटलीच्या कोर्टानं २३ अमेरिकनांना दोषी ठरवलं. आरोपींचा पिंजरा मात्र रिकामा, सगळे गैरहजर!

शेअरिंग बंद!
मे २०१७, मँचेस्टरचा बॉम्बस्फोट. ब्रिटिशांनी विश्वासानं दिलेली माहिती अमेरिकेत फुटली. घटनास्थळाचे फोटो थेट ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये! चिडलेल्या ब्रिटिश पोलिसांनी माहिती देणंच थांबवलं. कट्टी किती टिकली? जेमतेम एक दिवस. अमेरिकेनं हमी दिली, बट्टी झाली.

हेडली ऑन स्क्रीन
आता आपल्या मुंबईकडे. २६/११ साठी रेकी करणारा डेव्हिड हेडली २००९ मध्ये शिकागोत पकडला गेला. भारताला तो हवा होता, पण गुन्हा कबूल करताना त्यानं अमेरिकेशी सौदा केला: भारताच्या हवाली करायचं नाही! २०१६ मध्ये त्यानं मुंबईच्या कोर्टात साक्ष दिली खरी, पण व्हिडिओ कॉन्फरन्सवरून. माणूस तिकडे, जबानी इकडे.

आरोपी घ्या, अटी पाळा
आणि अबू सालेम? १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला हा आरोपी २००२ मध्ये लिस्बनला सापडला. पोर्तुगालनं २००५ मध्ये तो भारताला दिला, पण लेखी हमी घेऊनच: फाशी नाही आणि २५ वर्षांहून जास्त कैद नाही. पुढे टाडा कोर्टानं जन्मठेप सुनावली, तरी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारला बजावलं की, शब्द दिलाय, पाळावा लागेल!

थोडक्यात काय, जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात असतं ना, तेच इथेही: दोस्ती पक्की, अटी लागू!