मक्याच्या ट्रकमधला एक दाणा

कारखान्याच्या फाटकाशी मक्याचा ट्रक उभा असतो. माल उतरवायचा की परत धाडायचा, हे अर्ध्या तासात ठरवायचं असतं आणि त्यासाठी हाताशी असते गरोदरपणाच्या चाचणीसारखी एक पट्टी. ती अफ्लाटॉक्सिन शोधते, म्हणजे अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीनं दाण्यात सोडलेलं विष. भाजून-शिजवून ते पुरतं जात नाही. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं काविळीनं दगावली.

मका दळायचा, पीठ पाणी मिसळलेल्या मेथॅनॉलमध्ये खळखळून हलवायचं, गाळायचं आणि तो अर्क पातळ करून त्यात पट्टीचं टोक बुडवायचं. टोकाजवळ सोन्याचे अतिसूक्ष्म कण जोडलेली प्रतिपिंडं असतात. ती अर्काबरोबर वर चढतात. वाटेत एका आडव्या रेषेवर अफ्लाटॉक्सिन आधीच बसवलेलं असतं. अर्कात विष नसेल तर प्रतिपिंडं या रेषेला चिकटतात आणि लाल रेघ उमटते. अर्कात विष असेल तर ती त्यालाच धरून बसलेली असतात, रेषेसाठी उरत नाहीत. म्हणजे इथे रेघ फिकी पडली की धोका! हा उलटा हिशेब अशासाठी, की अफ्लाटॉक्सिनचा रेणू फार लहान. दोन प्रतिपिंडांना तो एकाच वेळी पकडता येत नाही. वरची दुसरी रेघ मात्र उमटलीच पाहिजे, नाहीतर पट्टीच बाद. पाचेक मिनिटांनी छोटं यंत्र रेघेचा गडदपणा मोजून आकडा देतं. भारतात खाण्याच्या धान्यासाठी मर्यादा आहे किलोला १५ मायक्रोग्रॅम.

माझ्या मते खरी गोम पट्टीत नाही, नमुन्यात आहे. विष सगळ्या मालात सारखं पसरलेलं नसतं. मोजक्या दाण्यांत ते ठासून भरलेलं असतं. समजा, ०.३ ग्रॅमच्या एका दाण्यात किलोला ४ लाख मायक्रोग्रॅम या प्रमाणात विष आहे. तो दाणा ५ किलो स्वच्छ मक्यात पडला, तर सगळ्या नमुन्याची सरासरी २४ होते. तोच दाणा नमुन्यात आला नाही, तर आकडा शून्य. म्हणून वरच्या पोत्यातला मूठभर मका पुरत नाही. पोकळ नळी खुपसून ट्रकच्या कडेचा, मधला, तळाचा असा जागोजागचा माल काढावा लागतो आणि सगळा नमुना बारीक दळून, मिसळून मगच चमचाभर पीठ घ्यावं लागतं. शिवाय दर ट्रकनंतर चक्की झाडून काढायची, नाहीतर आधीच्या मालाचं पीठ पुढच्या गाडीला दोषी ठरवतं.