अकरा मिनिटांची बादली

आत्याने फोन केला होता तो लग्नाच्या आहेराविषयी. बोलता बोलता म्हणाली, "मोरीतली बादली भरायला अकरा मिनिटं लागतात. घड्याळ लावून बघितलंय मी." टाकी भरलेली, मोटर नवी, नळ तर दोनदा बदलून झाला. तरी अकरा मिनिटं. आहेराचं राहिलं बाजूला, ती अकरा मिनिटंच माझ्या डोक्यात बसली. प्लंबर शनिवारी येणार होता. मीही कर्जत लोकल पकडून शेलूला उतरले.

या भागात पाण्याचं दुर्भिक्ष म्हणावं, तर पावसाळ्यात छत्रीसुद्धा टिकत नाही. उल्हास नदी तर उन्हाळ्यातही वाहते. आंध्रा धरणाचं पाणी भिवपुरीच्या टाटा वीजघरात चाकं फिरवून खाली उल्हासात सुटतं, १९२२ पासून. मुळात ते भीमेच्या खोऱ्यातलं पाणी, बंगालच्या उपसागराकडे निघालेलं. डोंगरातून वळवलं आणि कोकणात उतरलं. माणसाने एवढा डोंगर पार करून पाणी आणलं आणि आत्याच्या घरात ते टाकीपासून मोरीपर्यंतच्या चाळीस फुटांत अडलं होतं.

घर १९८६ सालचं. तेव्हा भिंतीत जीआय पाईपच घालायचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड. प्लंबर नेरळचा, पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा. त्याने आल्या आल्या हातोडा काढला नाही. घरभर फिरून एकेक नळ उघडला, बंद केला, भिंतीला कान लावला. मग मोरीतल्या एल्बोला पाना लावून जेमतेम अर्धा फेरा दिला, तर एल्बो आट्यांसकट तुटून हातात आला. त्यामागचा वीतभर तुकडा कापून त्याने माझ्यापुढे धरला. "बघा, ताई."

बाहेरून अर्ध्या इंचाचा धड पाईप. आत मात्र चहूबाजूंनी तपकिरी गाठी वाढलेल्या, वारुळासारख्या एकीवर एक चढलेल्या, आणि मधोमध एक वाकडी वाट. काडेपेटीतली काडी गेली असती, पेन्सिल नसती गेली. वास ओल्या नाण्यांचा. तो वास दिवसभर माझ्या बोटांना राहिला, साबणानेही गेला नाही. पाईपाचा व्यास निम्मा झाला की पाण्याची वाट पाव उरते. इथे तर निम्म्याहून कितीतरी कमी उरली होती. आत्याने तुकडा हातात घेतला, डोळ्याला लावला, पलीकडचा उजेड बघितला. "सकाळी पहिलं पाणी लाल यायचं ते हेच होय रे?" तेच. रात्रभर पाईपात थांबलेलं पाणी गंज घेऊन उतरायचं आणि ती पहिला तांब्या तुळशीपलीकडे ओतून द्यायची.

जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला राखतं, एवढं मला ठाऊक होतं. पाईप आधी कुठे सडतो ते मात्र प्लंबरने दाखवलं. आट्यात. डाय फिरवून आटे पाडले की तिथलं जस्त कापलं जातं आणि लोखंड पहिल्या दिवसापासून उघडं पडतं. त्यावर ताग गुंडाळायचा, सफेदा लावायचा, आवळायचं. "पाईप मधे नाही मरत, जोडात मरतो," तो म्हणाला. ज्याने ती लाईन टाकली त्याला मात्र त्याने नाव ठेवलं नाही. तुटलेल्या आट्यातला काळा पडलेला ताग नखाने उकलून म्हणाला, "चांगला बांधलाय. चाळीस वर्षं धरला की."

खडूने रेघा, कटर, छिन्नी, झिऱ्या; दुपारपर्यंत धुळीने देवघरावरचं फडकंही पांढरं झालं. लादीखालचा जुना पाईप उपटून काढावा असं आत्याला वाटत होतं. त्याने ऐकलं नाही. त्यासाठी अख्खी मोरी फोडावी लागली असती. दोन्ही तोंडं बंद करून म्हणाला, "राहू दे, मावशी. पाणी तोडलंय, आता त्याचा त्रास नाही."

नवा पाईप सीपीव्हीसीचा, साईच्या रंगाचा. साधा पीव्हीसी स्वस्त पडतो, पण गिझरच्या पाण्याने मऊ पडतो. सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंतचं पाणी सोसतो. त्याला आटे नाहीत, सोल्युशन लावून जोडायचा. पाईप कापायचा, तोंडाची कूस घासायची, दोन्हीकडे सोल्युशनचा पातळ हात फिरवायचा, पाव फेरा देत आत दाबायचा आणि धरून ठेवायचा. हे धरून ठेवणं मी पुन्हा पुन्हा बघत राहिले. सॉकेट आत निमुळतं असतं, लगेच सोडला तर पाईप केसभर मागे सरतो आणि ते बाहेरून दिसतही नाही. आत्या चहा घेऊन आली तेव्हा त्याचे दोन्ही हात एका टीवर होते. ओठांत तो आकडे मोजत होता. कप तिच्या हातात, साय धरू लागलेली. तीस झाल्याशिवाय त्याने मान वळवली नाही. दिवसभरात असे किती जोड झाले ते मी मोजले नाहीत. एकही त्याने लवकर सोडला नाही, हे मात्र मी पाहिलं.

संध्याकाळी वाद झाला. झिऱ्या बुजवायला आलेल्या गवंड्याला दुसऱ्या दिवशी वांगणीला जायचं होतं, त्याने माल कालवायची तयारी केली. माझा आतेभाऊही म्हणाला, बुजवून टाका, धूळ तरी थांबेल. प्लंबरने सगळी तोंडं प्लगने बंद केली, हातपंप जोडला, काटा सहा किलोवर नेला आणि म्हणाला, "रात्रभर असाच राहू दे. सकाळी बघू." सकाळी बघायचं म्हणजे त्याचीही दुसऱ्या दिवसाची निम्मी हजेरी बुडणार. आजूबाजूला एवढे टॉवर उठताहेत, तिथे रात्रभर कोण थांबतं, असं गवंडी म्हणाला. मला वाटतं, घरातल्या कामांत याच एका रात्रीचे पैसे कुणी मोजत नाही, आणि पुढची कित्येक वर्षं भिंत कोरडी राहते ती तिच्याच जिवावर.

सकाळी काटा चारवर होता. कुणीच बोललं नाही. त्याने हाताची मागची बाजू एकेका जोडावरून फिरवली. तळव्यापेक्षा तिथल्या कातडीला ओल लवकर कळते म्हणाला. गिझरजवळ, पितळी आट्यांच्या एल्बोवर हात थांबला. थेंब पडत नव्हता, नुसता घाम होता. भिंत बुजवली असती तर दोन पावसाळ्यांनी आत्या छताला दोष देत बसली असती. त्याने एल्बो उघडला, टेफ्लॉन नव्याने गुंडाळला, आवळला, पुन्हा सहा. दोन तास आम्ही काट्याकडे बघत बसलो. हलला नाही. झिऱ्या बुजवण्याआधी त्याने मला प्रत्येक भिंतीचा फोटो काढायला लावला, टेप धरून. "उद्या कुणी खिळा मारायला आला तर दाखवा."

भिंतीतून निघालेला जुना पाईप भंगारवाल्याने तोलून नेला. वीतभर तुकडा आत्याने ठेवून घेतला.

बादली भरायला पावणेदोन मिनिटं लागली. आत्याने घड्याळ लावून बघितलं. तिची सवय मात्र अकरा मिनिटांची: नळ सोडायचा, मेथीची जुडी निवडायची, मग उठायचं. पहिल्या दिवशी तीनदा बादली भरून वाहिली.

चार दिवसांनी मी अजून तिथेच होते तेव्हा प्लंबरचा फोन आला. पैसे कधीच चुकते झाले होते. "मावशी, गिझरखालची भिंत बघा जरा." आत्या फोन कानाला लावूनच मोरीत गेली, तळवा उलटा केला आणि हाताची मागची बाजू भिंतीला लावून उभी राहिली. "कोरडी आहे रे," म्हणाली. "थांब, खालीपण बघते."